कुणाची गं तू?

६ जानेवारी, मारुंजी

पोहोचले. सामान लागलं, चहा झाला आणि नातीने माझ्या मनगटाचा चावाही घेतला. म्हणजे मुक्काम रीतसर सुरू झाला म्हणायचा.

गौतमीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. बाल्कनीत उभं राहिलं की एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसतात. दुसऱ्या बाजूला उसाचा एक उरलासुरला तुकडा, त्याला खेटून पीजीच्या पाट्या, टेंपोंची रांग आणि मागे डोंगराची निळी रेघ. हवा उत्तम आहे. धूळही उत्तम आहे, टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी. लेकीने माझ्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडून ठेवलंय, कारण रोजनिशी लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही हे तिला ठाऊक आहे. ही कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेसने लावलेली सवय. दिवसाचा जाब देवाला द्यावा, आणि देव कामात असेल तर वहीला.

मला बोलावणं आलं ते पाळणाघराने हात टेकल्यामुळे. दिशा चावते, किंचाळते, जमिनीवर आडवी होऊन टाचा आपटते आणि अधूनमधून तापाने फणफणते. पुढच्या महिन्यात तिला पाच पूर्ण होतील. जावई अनिमेष कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेलेत, फेब्रुवारी संपेपर्यंत काही येत नाहीत. गौतमी ऑफिस आणि ताप यांच्यामध्ये चिरडून चिपाड झाली आहे. माझी हरकत नाही. टेलिफोन खात्यात, परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर मी एका हॉलभर मुली सांभाळल्या आहेत. त्याही किंचाळायच्या. चावायच्या तेवढ्या नाहीत.

एकच गोष्ट खटकली. समोरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं असतं आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली असते. नऊवारी लुगडं, कोपरापर्यंत सोनं, मांडीवर तंबाखूची डबी. या गोजराबाई. ही अख्खी इमारत त्यांच्या भातखाचरांवर उभी आहे. बिल्डरने मोबदल्यात दिलेल्या फ्लॅटांचं भाडं खात त्या दारात बसतात आणि जिन्याने, लिफ्टने कोण आलं-गेलं ते बघतात. दिशा शाळेतून आली की आधी त्यांच्या मांडीवर चढते. त्यांना ती आई म्हणते. आपल्या आईला मात्र नावाने हाक मारते, गौतमी म्हणून. हल्ली अशी फॅशन असेल. मला काय म्हणते? पाहुण्याबाई. तेही गोजराबाईंनीच शिकवलेलं.

८ जानेवारी

आज आजारपण आणि आकांडतांडव असा दुहेरी कार्यक्रम.

सकाळी अंग गरम. बालरोगतज्ज्ञ शहाणे आहेत. घसा बघितला, मुलांना वर्षातून इतक्यांदा ताप येतोच म्हणाले, अंग कोमट पाण्याने पुसा, पाणी पाजत राहा, आणि आईला झोपू द्या. त्यांचं शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं. तान्ही असताना दिशाला तापात झटका येऊन गेलाय, त्यामुळे ताप चढला की गौतमीचा चेहरा पांढरा पडतो. तिला सांगितलं, तू ऑफिसला जा, तुझी भीती मुलीला लागते.

दुपारी ताप उतरला आणि खिचडीवरून लोळण सुरू झाली. मी काही समजूत घातली नाही, की टीव्ही लावला नाही. जवळ जमिनीवर बसले आणि वाट पाहिली. किंचाळणाऱ्या मुलाशी वाद घालू नये. ते दमेपर्यंत थांबावं आणि दमलं की पाणी द्यावं. वीस मिनिटांनी ती उठली, पाणी प्यायली आणि खिचडी खाल्ली. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

पण पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडे न बघता सरळ समोरच्या दारात गेली. गोजराबाईंनी तिला पदराखाली घेतलं, तोंड पुसलं आणि विचारलं, का गं धोंडे, लई बोंबललीस? धोंडी! माझ्या नातीचं नाव दिशा आहे. मी पुस्तकं चाळून सुचवलेलं नाव आहे. आणि ही मुलगी धोंडी म्हटल्यावर खुदकन हसते.

वीस मिनिटं जमिनीवर बसले मी. गुडघे माझे दुखले. हसू मात्र त्यांना मिळालं.

तिची एक भीती नोंदवून ठेवते. दुपारी दाराची बेल वाजली की ती भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि हळूच म्हणते, हितं कुनाचं पोर न्हाई. कुरियरवाला आला होता.

११ जानेवारी

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आरिफाताई भेटल्या. पिरंगुटच्या त्या. नवऱ्याचं तिकडे हार्डवेअरचं दुकान आहे. गोड स्वभाव. सगळे विचारतात तसं त्यांनीही दिशाची हनुवटी धरून विचारलं, कुणाची गं तू? आईची की बाबाची? मी मनात म्हटलं, आजीची म्हण, आजीची म्हण.

दिशा म्हणाली, कुनाचीच न्हाई. उकिरड्यावर सापडले.

आरिफाताई बिचाऱ्या इतकं कसनुसं हसल्या की मला लिफ्टच्या फटीतून खाली जावंसं वाटलं. वर आले ती तडक गोजराबाईंच्या पुढ्यात. म्हटलं, आमच्या मुलीला हे काय शिकवता? त्यांनी तंबाखू चोळता चोळता शांतपणे सांगितलं, खरं त्येच शिकवलंय, उकिरड्यावरचीच हाय ती. पार्किंग हाय न्हवं खाली, तितंच हुता आमचा उकिरडा. आणि वर मला म्हणतात, पाहुण्याबाई, पोरीला जीव लावू नगा एवढा. पाहुण्यानं पाहुण्यावानी ऱ्हावं.

माझ्या लेकीच्या दारात उभं राहून मला पाहुणी म्हणतात.

रात्री गौतमीला विचारलं तर तिने विषय बदलला. त्या चांगल्या आहेत, आई, जाऊ दे. आम्हाला त्यांचा आधार आहे. आधार! मग मी कोण आहे, पडद्याची दांडी?

१५ जानेवारी

आज सगळं बाहेर आलं. हात अजून संतापाने गरम आहेत.

दिशाच्या आधी गौतमीला मुलगा झाला होता. याच घरात तीन महिन्यांचा होऊन दुपारच्या झोपेत गेला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. ते मला ठाऊक आहे, मी आले होते. ठाऊक नव्हतं ते पुढचं. दिशाही तेवढीच असताना एका दुपारी तापात निळी पडली. गौतमी तिला घेऊन दाराबाहेर धावली, लिफ्ट येईना, आणि गोजराबाईंनी मुलगी मागितली. सूप आणलं, मुलीला सुपात घातलं, गौतमीकडून वदवून घेतलं की हे पोर माझं नाही, मला नको, तुम्हाला घ्या. मग सुपातून आपल्या ओटीत घेतली, धोंडी नाव ठेवलं आणि गौतमीला परत दिली, पण फक्त सांभाळायला. मुलीने श्वास घेतला. अर्थातच घेतला! ताप उतरला की मुलं श्वास घेतात!

तेव्हापासून हा करार चालू आहे. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत घरच्या कुणी तिला माझी म्हणायचं नाही. तिनेही गौतमीला आई म्हणायचं नाही. बारा फेब्रुवारीला ती पाच वर्षांची होईल. त्या दिवशी गौतमी गोजराबाईंना ओंजळभर कोंडा देणार आणि मुलगी विकत घेणार. पूर्वी मुलं जगत नसत तेव्हा खेड्यापाड्यांत लोक असं करत, हे मी ऐकून आहे. कोंडाजी आणि धोंडू अशी नावं त्यातूनच आली. पण हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माझ्या लेकीने हे करावं?

गोजराबाईंचं म्हणणं असं, की दुपारची एक येते. पोर मागायला येणारी आधी मालक कोण ते विचारते, कारण विचारल्याशिवाय तिला नेता येत नाही. मालक सापडला नाही की परत जाते. आणि गोजराबाईंच्या दारात ती येत नाही. का, तर त्यांची चारही मुलं तिने कधीच नेली आहेत. माज्या दारात तिचं घेऊन झालंय, असं त्या गौतमीला म्हणाल्या होत्या. माझ्या लेकीने हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि रडली.

रडताना तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, तेवढं बरं वाटलं. पण एक विचार डोक्यातून जात नाही. त्या दुपारी तिला मी आठवले नाही. तिने मुलगी माझ्या ओटीत का नाही घातली? मी काही परकी आहे का?

१८ जानेवारी

निर्णय घेतला. गौतमीला सांगितलेलं नाही.

चार मुलं गमावलेली बाई दुसऱ्याच्या मुलीला आई म्हणायला लावते, यात भूतबाधा शोधायची गरज नाही. मला तिची कीव येते. पण कीव आली म्हणून कुणी नात देऊन टाकत नाही.

दुपारी दिशाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, कुणाची गं तू? तिने ठरलेलं उत्तर दिलं. मी म्हटलं, नाही, तू आजीची. म्हण. तिने तोंड दाबून धरलं. कॅडबरी दाखवली. ती माझ्या हाताला चावली, टेबलाखाली जाऊन बसली. मी जवळ बसून राहिले, नेहमीसारखी. थोड्या वेळाने हात बाहेर आला. मी विचारलं, कुणाची? अगदी हळू, दाराकडे बघत ती म्हणाली, आजीची.

पुन्हा विचारलं. आजीची. आणि पुन्हा. शेवटी शेवटी तर हसत म्हणायला लागली, टाळ्या वाजवत. मग माझ्या मांडीवर झोपली. तिच्या तोंडाला चॉकलेट, माझ्या साडीला चॉकलेट. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. गौतमीच्या लहानपणी मी रात्रपाळीला असायचे, तिला शेजारणी झोपवायच्या. असं कुणी माझ्या मांडीवर झोपल्याचं मला आठवतच नव्हतं.

संध्याकाळी समोर बघितलं तर गोजराबाईंचं दार बंद होतं. मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

२० जानेवारी

दुपारी इंटरकॉम वाजला. दिशा शाळेतून येऊन झोपली होती. तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा ही माझ्या हाडात भिनलेली शिस्त. बाईचा आवाज होता. मऊ, खेड्यातला, वयाचा अंदाज येणार नाही असा. घरात बारकं पोर हाय का, असं विचारलं. मी विचारलं, कोण बोलतंय? तिने पुढे विचारलं, हाय तर कुनाचं हाय?

मला कळलं, हा गोजराबाईंचा चावटपणा. दार बंद करून आता फोनवरून टोमणे. मी स्वच्छ, शिस्तशीर उत्तर दिलं: माझं आहे. माझ्या लेकीची लेक, म्हणजे माझीच.

पलीकडे ती बरं म्हणाली. बाजारात वस्तू पसंत पडल्यावर म्हणतात तसं.

फोन ठेवून समोर गेले. गोजराबाईंच्या दाराला कुलूप होतं. गेटवर कैलास वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, गोजराआजी तर सकाळीच उरवड्याला भाचीकडं गेल्यात, आठवड्यानं येनार. आणि आज इथून वर कुनी फोन केला न्हाई.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती फक्त माझ्यासारखीलाच जाणवेल. कोणत्याही लाइनीच्या मागे एक खोली असते. पंखा, रस्ता, भांडं, श्वास, काहीतरी ऐकू येतंच. आयुष्यभर मी ते ऐकलं आहे. या लाइनीच्या मागे काही नव्हतं. बोलणारी होती आणि तिच्यामागे काहीच नव्हतं.

वायरिंग खराब असेल. उद्या सोसायटीत तक्रार करते.

२३ जानेवारी

दिशा सुधारली आहे. तीन दिवस चावली नाही, किंचाळली नाही. भाजी खाल्ली. वेणी घालताना हलली नाही. शाळेच्या बाईंनी फोन करून कौतुक केलं. गौतमी मला मिठी मारून म्हणाली, आई, तू जादू केलीस. मी म्हटलं, जादू नाही, शिस्त.

पण आज दुपारी ती खोलीत नव्हती. शोधलं तर दाराशी. शाळेचे बूट घालून, पाठीला दप्तर लावून, चपलांच्या मांडणीपाशी मांडी घालून बसली होती. कुठे निघालीस, असं विचारलं. न्यायला येनार हायेत, असं तिने सांगितलं. कोण? ती बाई. आजीने हो सांगितलं ना, मग?

मी बूट काढले. पाय बर्फासारखे होते. ताप नव्हता, उलट अंग थंड. थर्मामीटर बघितला, पुन्हा बघितला.

२४ जानेवारी

आज तिला मांडीवर घ्यायला गेले. नको म्हणाली. उद्धटपणे नाही, अगदी नीट, पाहुण्याला म्हणावं तसं. म्हणाली, तिची मांडी मऊ आहे. तुझी टोचते.

कुणाची, असं विचारलं. तिने मांडणीच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. मग त्या जागेकडे बघून हसली. आजपर्यंत माझ्याकडे बघून ती अशी कधी हसली नाही. चॉकलेट दिलं तेव्हाही नाही.

मला भीती वाटायला हवी होती. खरं लिहायचं तर आधी वाटला तो मत्सर. तिथे कुणी नाही हे मला दिसत होतं, तरी त्या रिकाम्या जागेचा मला हेवा वाटला. आधी समोरची, आता ही. माझ्या वाट्याला या मुलीचा चावाच तेवढा येणार का?

ती जागा मी फिनाईलने पुसली. ओली फरशी सुकली. तेवढा तुकडा मात्र ओलाच राहिला आहे.

२७ जानेवारी

दोन दिवस दवाखान्यात होतो. परवा दुपारी श्वास लागला, ओठ निळे. गौतमीने गाडी कशी चालवली ते तिलाच माहीत. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, छाती चांगली, हृदय चांगलं. डॉक्टरांनी घरी सोडलं, लक्ष ठेवा म्हणाले. दवाखान्यात तिला काही झालं नाही. घरात पाय ठेवला आणि ती पुन्हा मांडणीपाशी जाऊन बसली.

गौतमी सारखी विचारते, कुणी तिला काही बोललं का? कुणी माझी म्हणालं का?

मी नाही म्हणाले.

२८ जानेवारी

गोजराबाई आल्या आहेत. मी गेले. आपण होऊन गेले, हे माझ्यासाठी सोपं नव्हतं. सगळं सांगितलं. चॉकलेट, फोन, सगळं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. हातातली डबी खाली ठेवली आणि आमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, तुमी शिकलेल्या बाया. दार वाजलं की उत्तर द्यायचं, एवढंच शिकलाय.

उपाय एकच आहे म्हणाल्या. पोर पुन्हा सुपात घालायचं. पण या वेळी देणारी मी, कारण मालक म्हणून नाव मी सांगितलंय. ती पुन्हा विचारील तेव्हा तोंडाने सांगायचं की माझी नाही. आणि ओंजळभर कोंड्याने आता भागणार नाही. एकदा रक्ताच्या माणसाने माझं म्हटलेलं पोर परत विकत घेता येत नाही. या बारीला कायमची माजी, असं त्या म्हणाल्या. तुमच्या लेकीला ती जनमभर आई म्हननार न्हाई. तुमाला आजी न्हाई.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की लोभ, मला ठरवता आलं नाही. हेच हवं होतं हिला, पहिल्यापासून. हे मी तोंडावर म्हणाले.

त्या म्हणाल्या, व्हय, हवीच हाय मला. तुमाला न्हाई का? पर मला जिती हवी हाय.

मी उठून आले. दारातून त्यांनी आणखी एक सांगितलं. लेकीला बजावा, आता तुमालाबी आई म्हनायचं न्हाई. उंबऱ्यात तर न्हाईच. एक दिलं न्हाई तर ती दुसरं मागती.

हे मी गौतमीला सांगितलेलं नाही. दिशाच्या तोंडचं आजी जाणार, ते जाऊ दे. पण गौतमीच्या तोंडचं आई, तेवढं एकच माझं आहे. तेही या बाईच्या सांगण्यावरून सोडू? उद्या बघू.

३० जानेवारी

इंटरकॉम दुपारभर वाजत होता. वायर काढली. तरी वाजला.

दिशा बोलत नाही. मांडणीपाशी बसून मान हलवते, कुणी कानात सांगितल्यासारखी. जेवली नाही. किंचाळावं म्हणून मी तिची बाहुली हिसकावून घेतली. तिने दुसरी पण दिली. म्हणाली, ही पण घ्या, पाहुण्याबाई, मला तिकडं लागनार न्हाई.

चाव गं. एकदा चाव—

१ फेब्रुवारी

गौतमीला अर्धं सांगितलं. सुपाचं. चॉकलेटचंही. ती माझ्यावर ओरडली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, देऊया. माझी म्हणता नाही आली तरी चालेल, समोर दिसेल ना. दाराआड असेल ना.

माझी मुलगी माझ्यापेक्षा मोठी आहे.

उंबऱ्याचं सांगितलं नाही. जीभ वळली नाही. उद्या सकाळी नक्की—

२ फेब्रुवारी, दुपार

सकाळी वेळच मिळाला नाही. उठल्यापासून दिशाचा श्वास वरवर. गौतमी इनहेलर आणायला खाली पळाली. तिचा फोन टेबलावरच राहिला आहे. मला दिसतो आहे.

ती गेली आणि दिशा निळी पडली. थांबता आलं नाही. समोरचं दार वाजवलं. गोजराबाई सूप घेऊनच उभ्या होत्या. मी तिला सुपात घातलं. केवढीशी. पाय बाहेर लोंबत होते. म्हटलं, हे पोर माझं नाही. मला नको. तुम्हाला घ्या. तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी दिशाने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. ओळखलं नाही. गोजराबाईंच्या ओटीत तोंड खुपसून रडायला लागली, मोठ्याने, पूर्वीसारखी, टाचा आपटून.

इतकं सुंदर रडणं मी ऐकलं नव्हतं.

गोजराबाई म्हणाल्या, घरात जा. दार लावा. इचारल तेवढंच सांगा. त्यांनी आपलं दार लावून घेतलं. मी इथे, दाराच्या आत, चपलांच्या मांडणीला टेकून बसले आहे. वही मांडीवर. हात रिकामा राहिला तर कडीकडे जाईल, म्हणून लिहिते आहे.

मांडणीजवळची फरशी कोरडी झाली. ओल आता दाराच्या फटीखाली आहे.

बेल.

पुन्हा.

विचारलं. तोच आवाज, दारातून. पोर कुनाचं?

मी म्हणाले, माझं नाही.

थांबली. समोरून दिशाचं रडणं येतंय. जिवंत आहे. जिवंत आहे. गोजराबाईंची असली तरी—

ती अजून उभी आहे. जात नाही. फटीत सावली नाही, फक्त ओल.

पुन्हा विचारलं. मग तुमचं कोन?

मी म्हणाले, कुणी नाही. माझं कुणी नाही. मी पाहुणी आहे.

बरं म्हणाली नाही. वाट बघते आहे. कशाची—

लिफ्ट. वर येते आहे. गौतमी. दमलेली, औषध हातात. दारात आली की ती नेहमी—

तिला सांगायला हवं होतं. काल. परवा. हाक मारून थांबवू? काय म्हणून हाक मारू? नाव घेतलं तरी तेच उत्तर होईल. दार उघडलं तरी तेच.

लिफ्टचं दार सरकलं. चपला. धावते आहे.

नको. मला नको ते. गौतमी, म्हणू नकोस, पाहुण्याबाई म्हण, काहीही म्हण, फक्त—

आत्ता बाहेरून, अगदी दाराशी, माझ्या लेकीचा आवाज. आई, दार उघड, आई—